बेसिकचा पांगुळगाडा

आमच्या घरात शांतता म्हणून कधी नव्हती. पुढच्या खोलीत आप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मधे सतरंजीचा पडदा, आणि पडद्यामागं आमचा संसार. दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी निदान एक दिवस चालू ठेवायचा, असा आप्पांचा नियम. त्यामुळं एकाच वेळी चार-पाच रेडिओ आपापलं बोलत असायचे. एकात कापसाचा भाव, एकात भजन, एकात नुसती खरखर. त्यात बाहेरून कापसाच्या जिनिंग मिलचा भोंगा आणि आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. आई म्हणायची, "या घरात मानूस मेलं तरी बातम्या संपल्यावरच कळंल." मी त्या गोंगाटातच बोलायला शिकलो. म्हणून असेल, मला स्वतःचा आवाज उशिरा आला आणि दुसऱ्यांचे सगळे आधी आले. शेवगाव स्टँडवरचा नाकातून बोलणारा कंट्रोलर, मार्केट यार्डात लिलाव पुकारणारा, गिरणीवाल्या काकूंचा दमा. होय, दमासुद्धा. दुकानात कोणी बसलं की आप्पाच म्हणायचे, "मुकुंदा, पाव्हन्यांना काकूंचा दमा ऐकव." पाव्हणे पोट धरून हसायचे. काकू शेजारीच राहायच्या, त्यांना ऐकू जायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या खोकला दाबून दळण टाकायच्या. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही.

तर अशा घरात कॉम्प्युटर आला. साखर कारखान्यावरचा एक इंजिनिअर बदली होऊन पुण्याला निघाला, तो जाताना आपला बिघडलेला घरगुती कॉम्प्युटर आप्पांच्या टेबलावर ठेवून गेला. "चालला तर तुमचा," म्हणाला. आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण तो म्हणजे नुसता कळांचा एक चपटा डबा होता. पडदा म्हणून आपला टीव्ही जोडायचा, आणि प्रोग्रॅम साठवायचे ते गाण्याच्या कॅसेटवर, टेपरेकॉर्डर लावून. आप्पांनी आठ दिवस खपून त्याचा वीजपुरवठा बसवला आणि एका सकाळी काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका लुकलुकायला लागला. आईने डब्याला हळदकुंकू लावलं, ते दोन कळांच्या फटीत गेलं आणि नंतर कायम त्या दोन कळा जरा अडकायच्या. गल्ली बघायला आली. "हे काय करतं?" "आपुन सांगू ते करतं," आप्पा म्हणाले. "मग सांगा की काहीतरी." आप्पा ठिपक्याकडं बघत बसले. त्याला सांगायचं कोणत्या भाषेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग आप्पांनी पोराचं लग्न जमवावं तशी भाषेची चौकशी सुरू केली. पोराला पहिली कोणती शिकवावी, जो भेटेल त्याला विचारायचे. बँकेच्या मॅनेजरांचा टीव्ही दुरुस्तीला होता, ते म्हणाले, कोबोल. बँका सगळ्या त्याच्यावर चालतात, पोरगं चिकटून जाईल. माझा चुलतभाऊ प्रमोददादा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. तो सुट्टीला आला आणि चहाचा कप हातात धरूनच म्हणाला, "काका, सी. फक्त सी. बेसिक वगैरे म्हणजे पांगुळगाडा आहे. एकदा त्याची सवय लागली की माणूस आयुष्यभर फेंगडा चालतो." आप्पांना हे पटलं, कारण प्रमोददादाच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं होती. आईने पडद्यामागून मत दिलं, "त्याला आधी शुद्ध मराठी लिहू द्या. परवा अर्जात 'विनंती' चुकलाय." अजूनही हे थांबलेलं नाही. माझी पन्नाशी उलटली, पुण्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये आया मला गाठतात, "काका, तुम्ही त्यातले ना, मुलाला आधी पायथन लावू का ते चित्रांच्या ठोकळ्यांचं?" मी उत्तर देतो. पण देताना दर वेळी मला एका माणसाचं बोलणं आठवतं, आणि आठवतं म्हणजे ऐकू येतं, त्यातल्या सगळ्या अडखळण्यांसकट.

उदावंत सर आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. 'सर' आम्ही म्हणायचो तेवढंच. परीक्षानळ्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, फुटली तर वहीत लिहायची. बीएस्सी झालेले, पण वर्गावर त्यांना कधी पाठवलं नाही, कारण ते तोतरे होते. साधे नाही. शब्दाच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि दार उघडेपर्यंत त्यांची मान, डोळे, डावा हात, सगळं त्या एका अक्षराला लागायचं. पोरं नळी मागताना मुद्दाम विचारायची, "सर, यात काय आहे?" म्हणजे त्यांना 'पोटॅशियम परमँगनेट' म्हणावं लागेल. हा प्रश्न मीच शोधून काढला होता. ते रेडिओ घेऊन दुकानात आले आणि आप्पांनी सवयीने त्यांनाही भाषेचं विचारलं. सरांनी तो डबा पाहिला आणि बसायला स्टूल द्यायच्या आधीच बसले. त्यांनी पुस्तकं मागवून मागवून, कॉम्प्युटर नसताना, कागदावर प्रोग्रॅम लिहून शिकून ठेवलं होतं.

"बे-बे-बेसिक," सर म्हणाले.

"प्रमोद म्हनतो ते पांगुळगाडा हाय."

"मग प-पांगुळगाड्यावाचून क-कोण चाललंय?" सर म्हणाले. "सीमध्ये आधी चार ओळी न-नमस्कार घालावा लागतो. पोरगं तिथंच कं-कंटाळतं. हे कसं आहे, आपण ए-एक ओळ बोललो की हे लगेच उ-उत्तर देतं. चुकलं तर सांगतं चुकलं. पुन्हा बो-बोलायचं." मग डब्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि कितीही वे-वेळ लागला तरी ते थांबतं."

आप्पांनी ठरवून टाकलं. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर सर घरी यायचे. पैसे घेत नव्हते, म्हणून आई त्यांना जेवायला घालायची. एकदा हुलग्याचे शेंगोळे केले ते त्यांना इतके आवडले की मग गुरुवार म्हणजे शेंगोळेच. लसणाची फोडणी, वर कच्चं तेल. सर जेवताना अजिबात बोलायचे नाहीत, आणि आई त्यांना काही विचारायचीही नाही. नुसतं वाढायची. पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला दोन ओळींचा प्रोग्रॅम शिकवला. पहिली ओळ माझं नाव छापते, दुसरी म्हणते परत पहिल्या ओळीवर जा. मी चालवला आणि पडदा माझ्या नावाने वरपासून खालपर्यंत भरून वाहायला लागला. मी सरांकडं बघितलं, ते माझ्याकडंच बघत होते. "शे-शेवटी सेमीकोलन दे," म्हणाले. दिला. आता नावं एकाखाली एक न येता एकाला एक चिकटून आली, मधे श्वास न घेता. थांबवायचं कसं, तर ब्रेकची कळ. मी रात्री झोपेपर्यंत तेच करत राहिलो. पहिल्या दिवशी पोराने काहीतरी केलं पाहिजे, हे सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

त्या वर्षी शाळेने कॉम्प्युटर शिकवायचं ठरवलं. शाळेत कॉम्प्युटर यायचा होता, शिक्षक नेमायचा होता. नगरहून एक क्लासवाले आले, टाय लावून. त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं की आम्ही थेट सी शिकवतो, वेळ वाया घालवत नाही. हेडमास्तर टायकडं बघून निम्मे हो म्हणालेच होते. पण आप्पा शाळेचा माइक फुकट दुरुस्त करायचे, त्यांचं थोडं चालायचं. ते जाऊन बोलले. ठरलं असं की दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन असतं, त्याला पालक येतात, कमिटी येते, तेव्हा दोघांनीही काय ते दाखवावं. सर घरी आले तेव्हा त्यांना घाम सुटला होता. चौदा वर्षं नळ्या मोजल्यावर वर्ग मिळेल, फळा मिळेल, त्यांच्या नावापुढं खरंच सर लागेल, एवढं त्यात होतं. "बो-बोलायला लागेल का तिथं?" त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "तुमी कशाला बोलता? ती पेटी बोलंल की."

सरांनी मग जे योजलं ते मला आजही सुचलं नसतं. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो, एकाचे आकडे जोडून जोडून काढलेली. आपल्याकडं अक्षर गिरवायच्या आधी पोरगं ती गिरवतं. सरांनी तीच सरस्वती बेसिकमध्ये केली. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून, कुठं जागा सोडायची, कुठं एक छापायचा. पडद्यावर आपला वळणाचा मराठी एक येत नव्हता, इंग्रजी काठीसारखा यायचा, याचं त्यांना फार वाईट वाटलं. तीन गुरुवार ते टाइप करत होते. अडकणाऱ्या दोन कळांवर बोट दाबून धरायचे. पुरी झाली तेव्हा आई भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आली, टीव्हीसमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले. सरांनी प्रोग्रॅम कॅसेटवर घेतला. कॅसेटवर प्रोग्रॅम म्हणजे एक कर्कश चिरका आवाज असतो, मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा. सरस्वतीचा आवाज दोन-अडीच मिनिटांचा होता. मी तो आठवड्यात बसवला. वर्गात काढून दाखवायचो.

आता पुढचं. मी खूप वर्षं लोकांना सांगितलं की सरांनी पूजनाच्या दिवशी कळा दाबायला माझ्याऐवजी हेडमास्तरांना निवडलं, म्हणून मला राग आला होता. ते खोटं आहे. मला राग आला नव्हता. मला ते जमत होतं आणि एवढं मोठं पब्लिक पुन्हा मिळणार नव्हतं, बास. पूजनाच्या दिवशी सकाळी आप्पा टीव्ही न्यायला टेम्पो बघायला गेले, आई अंघोळीला गेली. मी डबा लावला, दोन ओळी टाइप केल्या. पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत 'बे-' छापते, शेवटी सेमीकोलन. दुसरी ओळ, परत पहिल्यावर जा. कॅसेट सुरुवातीला आणली आणि सरस्वतीच्या डोक्यावर माझा प्रोग्रॅम भरला. चार सेकंदांचं काम. सी असती तर मला हे सहा महिने तरी जमलं नसतं.

हॉल भरला होता. स्टेजवर मखर, झेंडूच्या माळा, पाट्यांची चळत, आणि मधे आमचा टीव्ही. टायवाल्यांनी आधी वीस मिनिटं भाषण केलं, ते कुणाला कळलं नाही म्हणून सगळ्यांना आवडलं. मग आप्पांनी टेप लावला. कॅसेट किंचाळली, पोरं खिदळली. आणि लगेच कॅसेट थांबली, कारण प्रोग्रॅम भरून झाला की मशीनच टेप बंद करायचं. हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं होती, पण तो आवाज किती लांब असायला हवा हे आम्हां दोघांनाच माहीत होतं. सरांची मान झटकन वर झाली. त्यांना पडद्यावर काही यायच्या आधी, नुसतं ऐकून कळलं की ही सरस्वती नव्हे. हेडमास्तरांना त्यांनी आठवडाभर तीन कळा शिकवल्या होत्या, आर, यू, एन आणि मग मोठी कळ. हेडमास्तर बोट पुढं काढून कळा शोधायला लागले. सरांनी हात पुढं केला, तोंड उघडलं. त्यांना 'थांबा' म्हणायचं होतं. "थ," ते म्हणाले. "थ-थ-थ." हेडमास्तरांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी शांतपणे एन दाबला, चष्मा वर केला, मोठी कळ दाबली.

बे-बे-बे-बे-बे-बे. सगळा पडदा. ओळ संपली की पुढची, ती संपली की सगळं वर सरकायचं आणि खालून पुन्हा बे-बे-बे. क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी शेळीसारखं "बेंऽऽ" केलं, आणि हॉल फुटला. पोरं, पालक, कमिटीवाले. पदराआड तोंड घेऊन बायका. प्रयोगशाळेतला शिपाई, जो रोज सरांबरोबर डबा खायचा, तो भिंतीला टेकून डोळे पुसत होता. इतकं मोठं हसू मी पुन्हा कधी मिळवलं नाही, आणि नंतर मी नकलांचे कार्यक्रम पुष्कळ केले.

सरांनी ब्रेकची कळ दाबली. पडदा थांबला, पण तसाच भरलेला राहिला. हेडमास्तर रागाने म्हणाले, "उदावंत, हा काय चावटपणा? कोणी केलं हे?"

सर वळले आणि त्यांनी सरळ माझ्याकडं पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. सेमीकोलन शेवगावात त्यांनी एकालाच शिकवला होता. "मु," सर म्हणाले. डावा हात मांडीवर आपटायला लागला. "मु-मु-मु." त्यांच्यामागं पडद्यावर बे-बे-बे आणि पुढं सर, हे बघून हॉल पुन्हा सुटला. मी माझ्या नावाची वाट बघत बसलो होतो. आणखी चार सेकंद कुणी गप्प बसलं असतं तर ते आलं असतं, मला त्यांचं माप माहीत होतं. पण टायवाले सर रुमालाने तोंड पुसत हसत होते आणि हेडमास्तर म्हणाले, "असू द्या, असू द्या. बसा तुम्ही. आरती करून घेऊ." सर बसले नाहीत. मखराच्या बाजूने उतरून प्रयोगशाळेत गेले.

शाळेने सी घेतलं. कॉम्प्युटर यायला दीड वर्ष लागलं, तोवर टायवाल्यांनी आम्हाला वहीत सी लिहायला लावलं, फळ्यावरून उतरवून. चुकलं की नाही हे सांगायला मशीनच नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना पैकीच्या पैकी. आप्पांना मात्र वाटलं की दोष त्यांच्या टेपरेकॉर्डरचा. ते चार दिवस त्याचं हेड स्पिरिटने पुसत बसले. मग शाळेत जाऊन त्यांनी सरांची माफी मागितली. घरी येऊन म्हणाले, "काई बोलले न्हाईत. नुस्तं हात हातात घेतला. लई सोसलेला मानूस हाय." मी तेव्हा जेवत होतो. मी भाकरी मोडून कालवत राहिलो.

गुरुवारी सर आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. आप्पा पाथर्डीला कुणाचा तरी अँटेना बसवायला गेले होते. आई आत शेंगोळे वळत होती, तिने पडद्यामागूनच सांगितलं, "बसा सर, होतच आलंय." सर स्टुलावर बसले, टेपरेकॉर्डर जवळ ओढला आणि ती कॅसेट सुरुवातीपासून लावली. आधी माझे चार सेकंद. मग एक खट्‌ आवाज. आणि मग सरस्वती, मधूनच, डोकं नसलेली. सुरुवात गेली की मशीन तो प्रोग्रॅम घेत नाही, उरलेला सगळा आवाज फुकट असतो. पण सरांनी तो बंद केला नाही. दोन मिनिटं ती किंचाळत होती आणि सर मान खाली घालून बोटाने मांडीवर ओळी मोजत होते, आता कुठलं आलं, आता कुठलं. संपल्यावर त्यांनी कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

"प्रोग्रॅम ब-बरोबर होता," ते म्हणाले. "सेमीकोलन वि-विसरला नाहीस."

मी कॅसेट उचलून तिच्या डबीत घातली.

"थांबायची अट नाही टा-टाकलीस. अर्धे मा-मार्क."

हे ते चेष्टेने म्हणाले नव्हते. त्यांनी मला खरंच तपासलं होतं. मग ते थोडे पुढं झुकले, आणि मला कळलं की आता ते विचारणार, का केलंस. ते विचारायच्या आधी त्यांना माझं नाव घ्यायचं होतं. "मु," ते म्हणाले. "मु-मु." मान ताणली गेली, पापण्या फडफडल्या. दुकानातले सगळे रेडिओ चालू होते. आणि मी त्यांच्याकडं बघत होतो, फार लक्ष देऊन बघत होतो, कारण इतक्या जवळून मला ते कधी मिळालं नव्हतं. जिभेचं टोक कुठं जातं, श्वास कुठं अडतो. काही सेकंदांनी माझ्या ध्यानात आलं की माझेही ओठ हलताहेत. आवाज न करता, त्यांच्या बरोबरीने, मु-मु-मु. मी मुद्दाम करत नव्हतो. ते आपोआप होत होतं.

सरांनी ते पाहिलं. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग हळूहळू मिटलं. माझं नाव त्यांनी पुरं केलं नाही. उठले, दाराशी चपला घातल्या, आणि रेडिओवर बाजारभाव चालू असताना रस्त्याला लागले.

आई दोन ताटं घेऊन बाहेर आली. "सर कुठं गेले?"

"गेले."

"न जेवता? तू काय बोललास का त्यांना?"

"काहीच नाही," मी म्हणालो. आणि खरंच, मी एक शब्द बोललो नव्हतो. आईने माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मग दोन्ही ताटं माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली. शेंगोळे गार झाले की त्यांचा गोळा होतो. म्हणून सरांच्या ताटातले मी आधी खाल्ले.